संशय कोणावर?

मुंबईहून अहमदाबादेस जाणारा महामार्ग डहाणू तालुक्यातील चारोटीचा टोलनाका ओलांडून तलासरीवरून गुजरातच्या हद्दीत शिरतो. राष्ट्रीय महामार्गांवरील नाक्यांसाठी मोटारीच्या काचेवर फास्टॅगची चिठ्ठी लावण्याची सक्ती फेब्रुवारी २०२१ मध्ये झाली. या चिठ्ठीत पैसा नसतो, विजेचा घटही नसतो. नाक्यावरील यंत्राच्या रेडिओलहरी अंगावर पडल्या की त्यांच्याच बळावर ती क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. पैसे कापले जातात ते दूर कोठेतरी असलेल्या खात्यातून.

जून २०२२ मध्ये एक चित्रफीत देशभर हातोहाती फिरली. काच पुसणारा एक पोरगा मनगटावरील घड्याळ चिठ्ठीवरून फिरवून पैसे लांबवितो, असे तीत दाखविले होते. ती खोटी होती. या व्यवस्थेत पैसे नोंदलेल्या नाक्यास वा व्यापाऱ्यासच मिळतात, एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे जात नाहीत, असा खुलासा नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने केला. तरी लोकांनी ती खरी का मानली? आम्हांस वाटते, पुराव्याची गरजच कोणास भासली नाही. फडके घेतलेला पोरगा आमच्या मनात आधीच चोर होता.

अशा चिठ्ठ्यांत दोष नाहीत असे मात्र नव्हे. त्यांच्याच जातकुळीतील, जवळ धरावयाच्या ‘मायफेअर क्लासिक’ कार्डांचे कुलूप नेदरलंड्समधील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली उघडून दाखविले. कार्डाची चकती बनविणारी कंपनी ते संशोधन छापू नये म्हणून न्यायालयात गेली. न्यायालयाने तिची मागणी फेटाळली. आमच्या मते ते योग्यच झाले. दोष झाकल्याने चोर अडत नाही, फक्त धनी अंधारात राहतो.

परंतु याहून खोल प्रश्न निराळाच आहे. चिठ्ठी खरे तेच सांगते, पण विचारणारा कोण हे पाहत नाही. मनुष्य असा वागला तर त्यास आपण सत्यवादी म्हणू की भोळा? तिच्या उत्तरातून एक वही भरत जाते: कोणती गाडी, कोणता नाका, किती वाजता. गुन्ह्याचा माग काढण्यास ती उपयोगी पडेल, हे कोण नाकारील? तथापि वहीचे भय या मुलखास नवे नाही. लग्नाच्या कर्जापायी जमीनदाराकडे राबणाऱ्या वारल्यांस आपल्या नावावर काय लिहिले आहे हे वाचता येत नसे. १९४५ च्या उठावामागे हीच वेठ होती. आमची स्थिती तशी हलाखीची नाही, आम्हांस वाचता येते.

त्या चित्रफितीनंतर कित्येक दिवस, चिकूची टोपली घेऊन कोणी बाई मोटारीजवळ आली की आम्ही काच वर घेत असू. नाक्यावरची वही कोणापाशी असते आणि किती काळ राहते, हे मात्र आम्ही अद्याप कोणास विचारलेले नाही.