सारथ्यधर्म



नवे वाहन घरी आले की ते प्रथम देवद्वारी आणावे, ही आपल्या भागातील रीत आहे. चाकाखाली लिंबू ठेवावे, नारळ वाढवावा, कुंकवाचे स्वस्तिक रेखाटावे, झेंडूची माळ घालावी. दसऱ्याला तर मंदिरापुढे वाहनांची रांगच लागते. पौरोहित्य आमच्या घरी परंपरेने चालत आल्यामुळे हा विधी आम्ही बालपणापासून पाहत आलो आहोत. पूजा आटोपली की यजमान मोठ्या निश्चिंततेने म्हणतात, ‘आता देवाची राखण आहे!’ ही श्रद्धा खोटी नव्हे. पण ती अर्ध्यावर थांबलेली आहे. देव राखण करतो, पण सारथ्य कोणी करावयाचे?

महाभारतातील युद्धात प्रत्यक्ष भगवंतांनी शस्त्र न धरता घोड्यांचे लगाम हाती घेतले, हे आपण सर्व जाणतो. परंतु द्रोणपर्वातील एका प्रसंगाकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती. सूर्य ढळू लागला होता, शत्रू चोहोबाजूंनी होते, आणि क्षणाक्षणाला मोल होते. अशा वेळी घोडे थकले, बाणांनी घायाळ झाले. तेव्हा श्रीकृष्णांनी काय केले? रथ पुढे रेटला नाही. भर रणांगणात घोडे सोडले, त्यांच्या अंगातील बाण काढले, त्यांना चोळले, पाणी पाजले आणि मगच रथ पुन्हा जोडला. अर्जुन तोवर पायउतार होऊन लढत राहिला. ज्याच्यापाशी वेळ सर्वांत कमी होता, तोच थांबला; आणि थांबूनही प्रतिज्ञा पुरी झाली. सारथ्यधर्माचा सारा अर्थ या एका प्रसंगात आहे.

आता आपल्या दारातील रस्त्याकडे पाहू. बेळगाव ते निपाणी हे अंतर सुमारे ७५ किलोमीटर. ते ताशी ८० च्या वेगाने काटले तर साधारण ५६ मिनिटे लागतात. ताशी १०० ने काटले तर ४५. म्हणजे सारी जोखीम पत्करून पदरात पडतात ती अवघी ११ मिनिटे. धडक बसल्यास तिचा आघात मात्र दीडपटीहून अधिक होतो. सन २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील शंभरांपैकी सुमारे ७१ मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग होता, असे केंद्र सरकारच्याच अहवालात नमूद आहे.

वेगाच्या जोडीला निष्काळजीपणा येतो. तवंदी घाटाच्या उतारावर गाडी गिअरमधून काढून मोकळी सोडणारे आणि केवळ ब्रेकवर भिस्त ठेवणारे चालक आहेत. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि ऐन वेळी दगा देतो. घाट ज्या गिअरमध्ये चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम विसरण्याजोगा नाही. गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मागून येणाऱ्यास ते दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. ट्रॅक्टरवाल्या बंधूंनी थोडा खर्च करून लाल रिफ्लेक्टर लावावेत आणि गाडीवाल्यांनी आपल्या दिव्याच्या उजेडात जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल असाच वेग ठेवावा. ताशी ८० च्या वेगात मोबाईलकडे तीन सेकंद पाहिले, तर गाडी सहासष्ट मीटर आंधळी धावते, हेही ध्यानात असावे.

आमचे विशेष सांगणे यात्रेकरूंना आहे. दिवसभर कामधंदा करून रात्री पंढरपूर किंवा तिरुपतीच्या वाटेला लागणे, दर्शन घेऊन त्याच पावली परतणे, आणि चालक मात्र तोच! पहाटेच्या प्रहरी डोळा लागतो तो एका क्षणाचा, परंतु तेवढ्यात सारे कुटुंब उद्ध्वस्त होते. सौंदत्तीच्या डोंगराला किंवा चिंचलीच्या यात्रेला ट्रॉलीत माणसे बसवून नेणेही असेच घातक आहे. देव कोठे पळून जात नाही. चालकाला झोप द्या. तीही देवाचीच सेवा आहे.

कोणी म्हणेल, ‘प्रारब्धात असेल ते चुकत नाही.’ वाचलेल्यासंबंधी आपण म्हणतो, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. मग ती वेळ आपणच बोलावून का आणावी? त्याच २०२२ साली सीट बेल्ट न लावता १६,७१५ माणसे गेली. त्यांतील जवळजवळ निम्मी चालक नव्हती, सोबत बसलेली होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण गेले. बेल्ट लावणे आणि हेल्मेट घालणे हे कोणत्याही ग्रहदशेने अडविलेले नाही. जे आपल्या हाती होते ते न करता प्रारब्धाला दोष देणे, ही श्रद्धा नव्हे, आळस होय. अल्पवयीन मुलाच्या हाती कौतुकाने किल्ली देणाऱ्या पालकानेही हे मनात आणावे.

आणि अपघात दिसलाच, तर पोलिसांच्या भयाने पुढे जाऊ नये. जखमीस मदत करणाऱ्यास २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने संरक्षण दिले आहे. त्याने आपले नाव सांगावे अशी सक्तीही करता येत नाही. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे हे तेथे पहिले पुण्यकर्म.

म्हणून येत्या दसऱ्याला वाहनपूजेचा संकल्प सोडताना प्रत्येकाने मनाशी तीन वाक्ये जोडावीत: मी घाई करणार नाही, मद्य घेऊन किंवा झोपेच्या अमलाखाली चाक धरणार नाही, माझ्या गाडीतील प्रत्येकाने पट्टा बांधल्यावाचून ती हलविणार नाही. लिंबू चाकाखाली चिरडते आणि माळ सुकते. संकल्प मात्र परतीच्या वाटेपर्यंत सोबत राहतो.

घरी दिवेलागणीला उंबऱ्याकडे डोळे लावून बसलेली माणसे प्रत्येकालाच आहेत. त्यांची वाट पाहणे सफळ होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना. इत्यलम्.