पाटी, पहारा आणि गडी

माणसाचा कुलपापेक्षा पाटीवर विश्वास जास्त. फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ दिसलं की चांगला धिप्पाड माणूससुद्धा रस्त्यातूनच “अहो, आहे का कुणी घरात?” असा पुकारा करू लागतो. आतलं कुत्रं कधीच कैलासवासी झालेलं असतं; पाटी मात्र इमानेइतबारे नोकरी करत असते. याच्या उलट, कुत्रं ठणठणीत आणि पाटी गायब अशा घरी गेलेला पाहुणा परत येतो तो धोतर सावरत. या दोन घरांपैकी अधिक खोटं कुठलं, हा प्रश्न मला तरी वेदान्ताइतकाच अवघड वाटतो.

हा वेदान्त सुचायला निमित्त झाली आमची भाची. ती पुण्यात सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. एक संगणकी प्रोग्रॅम दुसऱ्याकडे काही मागायला जातो तेव्हा ज्या खिडकीवर उभा राहतो, तिला त्यांच्यात एपीआय म्हणतात. कुठल्या खिडकीवर काय मिळेल, काय विचारायचं, हे सांगणारं एक पत्रक असतं. २०११ साली ‘स्वॅगर’ नावानं निघालेली ही पत्रकं लिहिण्याची पद्धत २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली आणि आता ‘ओपनएपीआय’ या नावानं नांदते. ओळख म्हणून कुठे किल्ली किंवा टोकन दाखवावं लागेल, तेही याच पत्रकात ‘सिक्युरिटी’ या सदरात लिहिलेलं असतं.

“मामा, या पत्रकांतल्या सिक्युरिटीच्या अटी काढायच्यात. सरावाला अडचण होते. एजंटला सांगणार आहे.”

एजंट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे विम्यावाला आला. पण हा एजंट म्हणजे सांगकाम्या प्रोग्रॅम. आपणच फायली उघडतो, हवं ते खोडतो, बंद करतो.

“म्हणजे गडीच की!”

“हो. फक्त पगारवाढ मागत नाही.”

“मग खोडायला सांग आणि मोकळी हो.”

“नुसतं खोडून अट जात नाही, मामा!”

आता गंमत पाहा. पत्रकाच्या माथ्यावर सगळ्या घराचा एक नियम असतो आणि एखाद्या खिडकीचा स्वतःचा वेगळा. खिडकीचा नियम खोडला, की तिला घराचा नियम लागू होतो, कुलूप राहतंच. पण तिथे नुसते रिकामे चौकोनी कंस ठेवले, तर अर्थ होतो, ‘इथे कसलीच अट नाही’. म्हणजे गप्प बसणं वेगळं आणि ‘काही नको’ म्हणणं वेगळं. आपल्याकडे पाहुणा गप्प बसला काय आणि ‘काही नको’ म्हणाला काय, चहा येतोच. संगणक इतका अगत्यशील नाही. त्याला बोललेलं कळतं, मनातलं कळत नाही.

“पण पत्रकातली अट गेली की पहाराही उठतो का?” मी विचारलं.

“नाही. पहारा आत, सर्व्हरवर असतो. पत्रक फक्त सांगतं. पण काही ठिकाणी पत्रक वाचूनच दारं बसवली जातात. तिथे मात्र अट गेली की दार उघडं.”

म्हणजे पहिल्या घरी पाटी गेली तरी कुत्रं जागेवर असतं. दुसऱ्या घरी कुत्रं पाटी वाचून कामावर येतं. पाटी नसली की सुट्टी!

चोर पाटी वाचत नाही. तो कडी हलवून बघतो. पाटी वाचतो तो सज्जन. म्हणून पहिल्या घरी पाटी काढल्यावर फसतो तो सज्जनच. पत्रकावर विसंबून बिचारा रिकाम्या हातानं खिडकीवर जातो आणि हाकलला जातो. दुसऱ्या घरी तर मालकाचंच दिवाळं. तरीही अटी काढूच नयेत, असं माझं म्हणणं नाही. जी माहिती सगळ्यांसाठी खुली आहे तिच्या पत्रकात किल्ली मागणं म्हणजे मेलेल्या कुत्र्याची पाटी. ती उतरवणं हीच नीती. अंगणात असेल ते पाटीवर असावं, एवढंच.

राहिला प्रश्न गड्याचा. पूर्वीचा गडी कामचुकार होता, पण कडी काढ म्हटलं की म्हणायचा, “काढू खरं? मालकीणबाईंना विचारलंत का?” त्याच्या या कुरकुरीनं किती घरं वाचली असतील! नवा गडी कुरकुरत नाही. पुष्कळदा तोही ‘करू का?’ विचारतो म्हणे. पण दहाव्यांदा विचारल्यावर माणूस न वाचताच ‘हो’ म्हणतो. त्या ‘हो’चं पाप गड्याच्या माथी मारता येत नाही, कारण त्याला माथाच नाही.

“मग तू काय करणार?” मी भाचीला विचारलं.

“मूळ पत्रक तसंच ठेवणार. नक्कल काढून तिच्यावर ‘फक्त सरावासाठी’ असं लिहायचं. मग गड्यानं काय काय खोडलं ते ओळ न् ओळ मी वाचणार.”

“सगळं? मग गडी ठेवून तुझा वेळ तो काय वाचला?”

“खोडण्याचा वाचला, मामा. जबाबदारीचा कसा वाचेल?”