आजचं चिंतन: आर्जव आणि अर्जातला एक प्रश्न

आज गीतेच्या 16व्या अध्यायातला पहिला श्लोक. दैवी गुणांची यादी अभयाने सुरू होते आणि हा श्लोक आर्जवावर संपतो. आर्जव म्हणजे इथे विनवणी नाही, सरळपणा. हा शब्द मी कितीदा तरी वाचून पुढे गेलोय. परवा धाडहून मावसभावाचा फोन आला आणि तिथेच अडकलो.

भाऊ इलेक्ट्रिशियन. आखातात होता. मालकाने पगार थकवला, व्हिसाची मुदत संपली तरी हा पैशांसाठी थांबला, पकडला गेला आणि आउटपासवर परत पाठवला गेला. गावात सांगितलं, "तिथली हवा मानवली नाही." मावशीलाही तेच. आता त्याला कॅनडाला जायचंय. अर्जात प्रश्न आहे: कॅनडाने किंवा दुसऱ्या कुठल्याही देशाने तुम्हाला व्हिसा किंवा प्रवेश नाकारलाय का, देश सोडायला लावलंय का? एजंट म्हणतो 'नाही' टाक, पासपोर्ट नवा आहे.

"तू कॉम्प्युटरवाला, त्यायले कळते का रे?"

मी इंजिनिअरसारखंच उत्तर दिलं. पासपोर्ट बदलतो, बोटांचे ठसे बदलत नाहीत. कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड एकमेकांकडे माहिती तपासतात. खोटं सापडलं तर कॅनडाचं दार 5 वर्षं बंद, ब्रिटनचं 10, अमेरिकेचं सहसा कायमचं. उलट आखातातून परत पाठवलं एवढ्यावरून कॅनडा आपोआप नकार देत नाही. 'हो' म्हटलं की खाली खुलासा लिहायला जागा असते.

"पण आखात त्या पाचात नाही ना?"

बरोबर पकडलं त्याने. माझा सगळा युक्तिवाद भीतीवर उभा होता. भीती काढली की संपला.

मग म्हणाला, "आणि मी आउटपासवर आलो, डिपोर्ट थोडीच झालो?" मला द्रोणपर्व आठवलं. अश्वत्थामा मेला, हे युधिष्ठिर मोठ्याने म्हणाला आणि 'हत्ती' हळूच. शब्द तपासले तर खोटं काहीच नाही. तरी जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. द्रोणांनी काय समजावं, हे त्याने आधीच ठरवलं होतं ना!

मी तरी कुठला शहाणा? पहिल्या नोकरीच्या बायोडेटात सहा महिन्यांचा प्रोजेक्ट दीड वर्षाचा केला होता. कुणालाच कळलं नाही. पण आजही बॅकग्राउंड चेकचा मेल आला की पोटात गोळा येतो. अभय आणि आर्जव एकाच श्लोकात का, ते मला असं कळलं. भावाला हे पहिल्यांदाच सांगितलं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 5 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकेचं लष्करी विमान 104 भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, तिघे महाराष्ट्रातले. बेड्यांच्या बातम्या टीव्हीवर लागल्या, मावशी म्हणाली, "काय केलं असन रे या पोरांनी?" हा ताटावरून उठून गेला.

म्हणजे भीती कॅनडाच्या अधिकाऱ्याची नव्हतीच.

काल रात्री आम्ही फोनवरच चार ओळी लिहिल्या: कुठला देश, कधी, किती महिन्यांचा पगार थकला, कसा परत आलो. 'हो'वर टिक केली. सबमिट करू म्हटलं तर म्हणाला, "थांब. आधी आईले सांगतो."

अर्ज अजून ड्राफ्टमध्येच आहे.