आधी सांगून केलेली तडजोड

पक्षाचं नेतेपद मागायला निघालेला माणूस एक पथ्य कसोशीने पाळतो. शेजारच्या पक्षाशी जुळवून घेऊ, असं तो निवड होईपर्यंत तोंडातून काढत नाही. आतून बोलणी चालू असोत की नसोत, व्यासपीठावर भाषा स्वबळाचीच. कार्यकर्त्यांनाही तीच ऐकायची असते. २०११-१२ मध्ये कॅनडातल्या नेथन कलन या खासदाराने हे पथ्य मोडलं. न्यू डेमोक्रॅटिक पार्टी, म्हणजे एनडीपी, या पक्षाच्या नेतेपदासाठी ते उभे राहिले आणि पहिल्यापासून सांगत सुटले की मला निवडलंत तर लिबरल आणि ग्रीन पक्षांबरोबर काही मतदारसंघांत एकच उमेदवार देण्याची वाट मी मोकळी करीन. ते हरले. पण कसे हरले, आणि त्यांच्या आधी त्याच देशात अगदी उलटं बोलून कोण जिंकलं, हे आघाड्या आणि युत्या कोळून प्यालेल्या मराठी वाचकालाही पाहण्यासारखं वाटेल.

कलन यांचा मतदारसंघ ब्रिटिश कोलंबियाच्या वायव्य टोकाचा, स्कीना–बल्कली व्हॅली. क्षेत्रफळ अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा जास्त आणि लोकसंख्या लाखाच्या आत. जंगल, सामन माशांच्या नद्या, लाकडाच्या गिरण्या आणि मूलनिवासींची गावं. २००४ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या विद्यमान खासदाराला पाडून ते तिथून लोकसभेत गेले. अशा भागात एका रंगाच्या मतांवर कुणी निवडून येत नाही, हे त्यांना राजधानीतल्या पक्षकचेरीने शिकवायची गरज नव्हती.

२ मे २०११ च्या निवडणुकीत स्टीफन हार्पर यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ३९.६ टक्के मतं पडली आणि ३०८ पैकी १६६ जागा मिळाल्या. एनडीपी, लिबरल आणि ग्रीन यांची मतं मिळून निम्म्याहून जास्त होती, पण ती तीन ठिकाणी विखुरलेली. ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून आला, ही पद्धत आपल्यासारखीच त्यांनाही इंग्रजांकडून मिळालेली. मतविभागणीचं गणितही तेच. त्यात एक नवी गोष्ट घडली होती. जॅक लेटन यांच्या नेतृत्वाखाली एनडीपी १०३ जागा मिळवून पहिल्यांदाच अधिकृत विरोधी पक्ष झाली होती आणि लिबरल पक्ष ३४ वर घसरला होता. ऑगस्टमध्ये लेटन कर्करोगाने गेले. पक्ष यशाच्या शिखरावर, आणि डोक्यावर छत्र नाही.

कलन यांचा प्रस्ताव असा होता. प्रत्येक पक्षाने आपापला उमेदवार नेहमीप्रमाणे स्थानिक सदस्यांच्या मतदानाने निवडायचा. मग जिथे कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार बसलेला आहे अशाच मतदारसंघांत, आणि तिथल्या शाखांची इच्छा असेल तरच, पक्षांच्या सदस्यांनी एकत्र येऊन त्यातला एक उमेदवार ठरवायचा. हे फक्त एकदाच. सत्ता आली की निवडणूक पद्धत बदलून मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत आणायची, म्हणजे पुन्हा अशी जुळवाजुळव करायची पाळी येणार नाही.

आपल्याला वाटेल, यात काय मोठंसं? 'एकास एक' लढतीची भाषा आपण साठ वर्षं ऐकतो आहोत. पण आपलं जागावाटप होतं कसं ते आठवून पाहा. मुंबईत किंवा दिल्लीत एखाद्या बंगल्यावर याद्या ठरतात, पहाटेपर्यंत फिरतात, पुन्हा बदलतात. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, तीन वाजायला तासभर उरलेला असताना, एबी फॉर्म कुणाच्या हातात पडतो यावर त्या भागात पाच वर्षं घाम गाळलेल्या माणसाचं नशीब ठरतं. ज्याच्या हाती तो पडत नाही तो एक तर बंडखोरी करतो, नाही तर 'मैत्रीपूर्ण लढत' नावाच्या आपल्या लाडक्या थोतांडाखाली मित्रपक्षालाच पाडतो. मग श्रेष्ठी शिस्तीवर प्रवचन देतात. कलन यांनी जागा सोडण्याचा अधिकार श्रेष्ठींकडे ठेवलाच नव्हता. नेता होऊ पाहणारा माणूस नेत्याच्या हातातला सगळ्यात मोठा हुकमी पत्ता शाखेच्या सदस्याकडे सोपवत होता. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट मोलाची वाटते; बाकीच्या प्रस्तावात दोष बरेच होते.

पक्षात खळबळ उडाली. इतर उमेदवारांनी प्रस्ताव झटकला. त्यांत आघाडीवर असलेले टॉम मल्केअर हेही होते, जे स्वतः क्वेबेक प्रांतात झां शारे यांच्या लिबरल सरकारात पर्यावरणमंत्री राहिलेले. (प्रांतिक लिबरल आणि केंद्रातले लिबरल हे वेगळे पक्ष, हे खरं, तरी गंमत ती गंमतच.) सामान्य सदस्याचा राग मात्र समजण्यासारखा होता. पक्षाचे पहिले नेते टॉमी डग्लस सभांतून एक गोष्ट सांगत. उंदरांचं राज्य असतं, पण दर निवडणुकीत उंदीर मांजरांना निवडून देतात. काळ्या मांजरांचा वीट आला की पांढऱ्या मांजरांना, मग पुन्हा काळ्यांना. ही गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला लिबरलांबरोबर बसून उमेदवार ठरवा म्हणणं म्हणजे मांजरालाच बैठकीचं आमंत्रण.

आणि अनुभवही कडू होता. साठच्या दशकात लेस्टर पिअर्सन यांच्या अल्पमतातल्या लिबरल सरकारला एनडीपीने साथ दिली, त्यातून १९६६ चा सार्वजनिक आरोग्यसेवेचा कायदा झाला. श्रेय मुख्यतः सरकारच्या पदरात पडलं. १९७२ ते १९७४ डेव्हिड लुईस यांनी पिएर त्रुदो यांचं सरकार तगवलं. मग ते पाडलं, तर निवडणुकीत एनडीपी ३१ वरून १६ वर आली आणि खुद्द लुईस पराभूत झाले. २००८ ची जखम तर ताजीच होती. त्या वर्षीच्या प्रचारात लिबरल नेते स्तेफान दियों यांनी एनडीपीशी आघाडी करणार नाही असं सांगितलं होतं. निवडणुकीनंतर काही आठवड्यांत त्यांनी लेटन यांच्याबरोबर संयुक्त सरकारच्या करारावर सही केली, तीही क्वेबेकवादी ब्लॉक पक्षाच्या पाठिंब्यावर. हार्पर यांनी ४ डिसेंबरला गव्हर्नर जनरलकडून संसद संस्थगित करून घेतली, आणि नव्या वर्षात लिबरल पक्षाने नेता बदलून करार वाऱ्यावर सोडला. घटनेच्या दृष्टीने त्या करारात काहीच वावगं नव्हतं. पण 'हे तुम्ही मत मागताना का नाही सांगितलं?' या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आणि हार्पर यांनी तो प्रश्न शेवटपर्यंत पिळून घेतला. कलन यांनी २०११ मध्ये सगळं आधीच बोलून दाखवलं, ते हे पाहिल्यामुळेच असावं असं मला वाटतं.

आता दोष. एक तर मतं अशी बदली होत नाहीत. लिबरलला मत देणाऱ्यांत एक चांगला मोठा गट असा की एनडीपी आणि कॉन्झर्व्हेटिव्ह एवढेच पर्याय उरले तर तो उजवीकडे वळेल. आपल्याकडे दोन पक्षांच्या टक्केवारीची बेरीज करून मांडलेले किती हिशेब निकालाच्या दिवशी आपटले, ते वेगळं सांगायला नको. दुसरं, सदस्यांच्या हाती निर्णय द्यायचा तर सदस्य कोण हा प्रश्न येतो. साखर कारखान्याच्या निवडणुकीआधी सभासद कसे वाढतात हे ज्याने पाहिलंय त्याला त्यातला धोका लगेच कळेल. तिसरा दोष मला सगळ्यात मोठा वाटतो. लिबरल पक्षाने असं काहीही कबूल केलेलं नव्हतं. एकतर्फी तडजोड जाहीर करणारा सौदा सुरू व्हायच्या आधीच आपली किंमत सांगून बसतो.

तरीही झालं असं की सुरुवातीला ज्यांना कुणी हिशेबात धरत नव्हतं ते कलन या प्रस्तावामुळेच लोकांच्या डोळ्यांत भरले. २४ मार्च २०१२ ला टोरांटोत सुमारे ६५ हजार सदस्यांच्या मतांची मोजणी झाली. ऑनलाइन मतदानावर हल्ला झाल्याने फेऱ्या तासन् तास रखडल्या. सात उमेदवारांत कलन पहिल्या फेरीत १६.४ टक्क्यांवर होते, तिसऱ्या फेरीत २४.६ वर जाऊन बाद झाले. चौथ्या फेरीत मल्केअर ५७.२ टक्क्यांनी जिंकले. म्हणजे विरोधी बाकांच्या पहिल्या रांगेत नुकत्याच बसलेल्या, स्वबळाच्या धुंदीतल्या पक्षात जवळपास चौथा हिस्सा या माणसापाशी येऊन थांबला. पुढच्या वर्षी लिबरल पक्षात जॉइस मरी यांनी हाच मुद्दा घेऊन निवडणूक लढवली. जस्टिन त्रुदो यांच्या ८० टक्क्यांसमोर त्यांना १० टक्के मिळाले.

याच्या शेजारी २००३ ठेवून पाहावं. तेव्हा फूट उजव्या बाजूला होती. २००० च्या निवडणुकीत ऑन्टॅरिओतल्या १०३ पैकी १०० जागा लिबरलांनी खिशात घातल्या, कारण उजवी मतं अलायन्स आणि प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह या दोन पक्षांत वाटली गेली होती. मे २००३ मध्ये प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्हांच्या नेतेपदासाठी पीटर मॅके उभे होते. तिसऱ्या क्रमांकावर डेव्हिड ऑर्चर्ड नावाचे सस्कॅचवानचे शेतकरी. त्यांच्यामागे सुमारे पाव प्रतिनिधी. मॅके यांनी त्यांच्याशी लेखी करार केला: अलायन्समध्ये विलीनीकरण नाही, त्यांच्याबरोबर संयुक्त उमेदवार नाहीत. ऑर्चर्ड यांचे लोक वळले, मॅके नेते झाले. ऑक्टोबरमध्ये त्याच मॅके यांनी अलायन्सचे नेते हार्पर यांच्याबरोबर विलीनीकरण जाहीर केलं. डिसेंबरमध्ये त्यांच्या पक्षाने ते ९० टक्क्यांवर मतांनी मान्य केलं. माजी पंतप्रधान जो क्लार्क यांनी नव्या पक्षात जायला नकार दिला. २००६ मध्ये तो पक्ष सत्तेवर आला आणि पावणेदहा वर्षं राहिला. मॅके त्यात परराष्ट्रमंत्री, संरक्षणमंत्री, कायदामंत्री झाले.

तडजोड करणार नाही असं कागदावर लिहून देणारा तडजोड करून मंत्री झाला. तडजोड करीन असं उघड सांगणारा तिसरा आला. कुणी म्हणेल, सदस्यांनी शेवटी विलीनीकरण मान्य केलंच ना. केलं, पण तोवर दोन नेत्यांचे हात हातात होते, छायाचित्रं छापून आली होती. अशा वेळी 'नाही' म्हणणाऱ्याला पक्ष फोडणारा ठरवणं फार सोपं असतं.

आपल्याकडे आधी सांगून केलेल्या जुळणीचं ठळक उदाहरण संयुक्त महाराष्ट्र समितीचं. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात ती स्थापन झाली तेव्हा समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन अशी एकमेकांचं तोंड न पाहणारी मंडळी एका मागणीसाठी एकत्र आली. एस. एम. जोशी आणि डांगे यांच्यातला वैचारिक झगडा कुणापासून लपलेला नव्हता. १९५७ मध्ये मतदाराने या सगळ्यांना ओळखून मत दिलं. मुंबईसह राज्य झालं आणि समिती विस्कटली. १९६२ मध्ये काँग्रेस दणदणीत बहुमताने परत आली. एकाच कामासाठी केलेल्या जुळणीत घटक पक्षांच्या वाट्याला नंतर काय येतं, याचाही हा नमुना आहे. समाजवाद्यांना तो फार महागात पडला.

कलन यांच्याकडे परत येऊ. २०१५ मध्ये त्रुदो ३९.५ टक्के मतांवर ३३८ पैकी १८४ जागा घेऊन बहुमतात आले. हार्पर यांचीच टक्केवारी, फक्त रंग बदललेला. एनडीपी ४४ वर आली. या जुन्या पद्धतीची ही शेवटची निवडणूक असेल, असं त्रुदो यांनी प्रचारात सांगितलं होतं. त्यासाठी संसदीय समिती नेमायची ठरली, तीत लिबरलांचं बहुमत राहणार होतं. जून २०१६ मध्ये कलन यांनी ठराव आणला की समितीतल्या जागा खासदारांच्या संख्येवर नकोत, पक्षांना पडलेल्या मतांच्या प्रमाणात द्या. सरकारने तो मान्य केला, म्हणजे आपलं बहुमत स्वतःहून सोडलं. आता पाच लिबरल, तीन कॉन्झर्व्हेटिव्ह, दोन एनडीपी, एक ब्लॉक, एक ग्रीन. कुणालाच एकट्याने काही रेटता येणार नाही अशी बैठक. डिसेंबरमध्ये समितीचा जो अहवाल आला त्यात कलन यांची जुनी हातोटी दिसते: कॉन्झर्व्हेटिव्हांना सार्वमत हवं होतं, एनडीपी आणि ग्रीन यांना प्रमाणशीर पद्धत, बहुमताची शिफारस झाली ती प्रमाणशीर पद्धतीवर सार्वमत घेण्याची. समितीतल्या लिबरल सदस्यांनी घाई नको असं वेगळं मत नोंदवलं. १ फेब्रुवारी २०१७ ला सरकारने सगळा विषयच गुंडाळला. ज्याला बहुमत असतं त्याला तडजोडीची गरज नसते, एवढंच त्या दिवशी दिसलं.

गरज पडली ती अल्पमतात गेल्यावर. मार्च २०२२ मध्ये एनडीपीचे नेते जगमीत सिंग यांनी त्रुदो सरकारला पाठिंब्याचा करार दिला. मंत्रिपदं नाहीत, आपण ज्याला बाहेरून पाठिंबा म्हणतो तो प्रकार. बदल्यात कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी दंतसेवा, औषधांच्या योजनेची सुरुवात, संपकाळात बदली कामगार आणण्यावर बंदी. कामं खरी होती, लाखो लोकांना पोहोचणारी होती. पण करार दोन नेत्यांच्या पातळीवर झाला. पक्षाच्या सदस्यांचं मतदान त्यावर घेतलं गेलं नाही. ते अशक्य होतं असं नाही. जर्मनीत समाजवादी लोकशाही पक्षाने २०१३ आणि २०१८ मध्ये मर्केल यांच्याबरोबरचा आघाडी करार टपालाने सगळ्या सदस्यांकडे मतासाठी पाठवला होता, आणि २०१८ मध्ये तरुण संघटनेने विरोधात रान उठवूनही ६६ टक्क्यांनी होकार आला. सप्टेंबर २०२४ मध्ये सिंग यांनी करार मोडला, तोही व्हिडिओवरून जाहीर करून. एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत एनडीपीला सात जागा मिळाल्या, अधिकृत पक्ष म्हणून मान्यतेला लागणाऱ्या बारा जागांपेक्षा कमी. सिंग स्वतः आपल्या मतदारसंघात हरले आणि त्याच रात्री पायउतार झाले. रिकाम्या झालेल्या नेतेपदासाठी जे उमेदवार पुढे आले त्यांत डेव्हिड लुईस यांचा नातू अवी लुईस हेही होते.