कृतज्ञता आणि मिंधेपण

'कृतज्ञ' या शब्दात दोन पदे आहेत. 'कृत' म्हणजे केलेले आणि 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. दुसऱ्याने आपल्याकरिता जे केले ते जो जाणतो, तो कृतज्ञ. शब्दाची ही फोड सर्वांस ठाऊक असते. परंतु तिच्यातून निघणारा अर्थ बहुधा ध्यानात घेतला जात नाही. कृतज्ञता ही समाधानाच्या आधीची गोष्ट आहे. ती ज्ञानाची एक जात आहे, आणि ज्ञान म्हटले की ते यथार्थ असावे लागते. झालेला उपकार विसरणे हे जसे अज्ञान, तसेच न झालेला उपकार झाला असे मानणे हेही अज्ञानच होय. वार्धक्यात कृतज्ञ कसे राहावे, हा प्रश्न या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत हा प्रश्न घरोघरचा झाला आहे. माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणाच्या तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसे पोटामागे बाहेर पडली. कोणी मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेले, कोणी सैन्यात दाखल झाले. खानापूर-आटपाडीकडील कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यानिमित्त देशभरच्या शहरांत पसरली. मुलगा परमुलखात आणि आईबाप गावच्या घरात, अशी विभागणी झाली. हातपाय चालेनासे झाले म्हणजे त्यांतील काहींना वृद्धाश्रमाचा आसरा घ्यावा लागतो. राज्य शासनाने 1995 साली मातोश्री वृद्धाश्रम योजना आखली. त्याखेरीज सेवाभावी संस्थांचे आश्रम ठिकठिकाणी आहेत. अशा आश्रमातील वृद्धास भेटावयास आलेला मनुष्य जाताना हमखास उपदेश करतो, 'दोन वेळचे अन्न मिळते, डोक्यावर छप्पर आहे, कृतज्ञ राहावे.'

उपदेश सद्हेतूने केलेला असतो. तथापि ज्याला घर सोडावे लागले त्याच्याकडे कृतज्ञता मागणे, म्हणजे त्याच्या दुःखाला मौन पाळावयास सांगणे, असेही होऊ शकते. वाढदिवसाच्या वा पुण्यतिथीच्या निमित्ताने दाते मिठाई घेऊन येतात, वृद्धांना ओळीने बसविले जाते, त्यांनी हात जोडले म्हणजे छायाचित्र निघते. अशा वेळी तेथे अन्नदान घडते यात संशय नाही. परंतु घेणाऱ्याच्या मनात जे उत्पन्न होते त्यास मिंधेपण हेच नाव योग्य. मिंधा मनुष्य देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. कृतज्ञ मनुष्य त्याच्या कृतीकडे पाहतो. पहिल्यात भय आहे, दुसऱ्यात ज्ञान आहे. म्हणून कृतज्ञता मागून मिळत नाही, आणि मागितल्याने मिळते ती कृतज्ञता नव्हे.

हा भेद भिक्षुकास समजावून सांगावा लागत नाही. तो दाराशी उभा राहतो, वाढले ते झोळीत घेतो, न वाढल्यास रोष न धरता पुढे जातो. भिक्षेवर आपला हक्क आहे असे तो म्हणत नाही. आणि वाढणारी वासनिक माउलीही आपण उपकार केला असे मनात आणीत नाही, ते आपले कर्तव्यच समजते. एकच भाकरी देणाऱ्याच्या बाजूने ऋण आहे आणि घेणाऱ्याच्या बाजूने दान आहे. दोघांनी आपापल्या बाजूने पाहिले तर व्यवहार शुद्ध राहतो. घर मोडते ते बाजू उलटल्यामुळे. मुलगा म्हणू लागतो, 'मी यांना पोसतो', आणि बाप म्हणू लागतो, 'हा माझा हक्कच आहे'. मुलाने ऋण म्हणावे, बापाने दान म्हणावे. मग त्याच भाकरीला गोडी येते.

येथे कोणी विचारील, मुलाने भाकरी दिलीच नाही तर? सर्वस्व मुलाच्या नावे करून ज्याला उंबऱ्याबाहेर काढले गेले, त्यानेही मुलाशी कृतज्ञ राहावे काय? याचे उत्तर स्पष्ट आहे. जेथे कृतच नाही तेथे ज्ञ कशाचा व्हावयाचा? अन्यायाला उपकार म्हणणे हे असत्य होय आणि असत्यावर कोणताही सद्गुण उभा राहत नाही. 2007 च्या माता-पिता व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियमान्वये निर्वाह न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो, दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो, आणि वृद्धास टाकून देणाऱ्यास 3 महिन्यांपर्यंत कैद वा 5,000 रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. अशी दाद मागणाऱ्या मातापित्यांस कृतघ्न वा लोभी म्हणणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होय.

परंतु हेच ज्ञान पुढे आणखी एक गोष्ट मागते. मुलाने केलेला अपकार खरा. पण आयुष्यात तेवढेच एक घडले काय? अखेरच्या 5 वर्षांचा घाव इतका खोल असतो की मागील 70 वर्षे त्याखाली झाकली जातात. बाळंतपणात रात्र जागविणारी सुईण, दुष्काळात बियाणे उसने देणारा शेजारी, फी भरावयास पैसे नसता वर्गात बसू देणारा मास्तर, आणि जिने कधी आपल्या ताटाकडे पाहिले नाही ती पत्नी, या सर्वांचे कृत त्या एका अपकाराने पुसले जात नाही. पत्नीच्या कष्टांची मोजदाद तर ती गेल्यावरच करणारे पुरुष कितीतरी आहेत. कटुतेचा दोष असा की ती हिशेबाच्या वहीतील एकच पान उघडे ठेवते. कृतज्ञता सर्व पाने वाचते. तेही पान वाचते आणि त्यावर खोटे काही लिहीत नाही.

दुसरी शंका अशी की आश्रमात शुल्क भरले जाते, सेवकास वेतन मिळते. मग उपकार कसला? वेतनाने काम विकत मिळते. अंथरूण बदलणे हे काम. ते बदलताना म्हाताऱ्याची लाज राखणे हे वेतनात येत नाही. जेवढे वेतनापलीकडचे तेवढे जाणावे आणि त्या सेवकास नावाने हाक मारून ते सांगावे.

घेणाऱ्याचा मान राखून कसे द्यावे, याचे उदाहरण सातारकरांना दूर शोधावयास नको. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 1924 पासून साताऱ्यास वसतिगृह चालविले. मुलांच्या मुखी अन्न पडावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. 1930 साली त्या निवर्तल्या. त्या अन्नावर वाढलेल्यांस त्यांची परतफेड करण्याची संधी फारशी मिळालीच नाही. पण भाऊरावांनी मुलांना मिंधे केले नाही. 'कमवा व शिका' म्हणून त्यांच्या हाती काम दिले, आणि पुढे त्यांतील कित्येकांनी खेड्यापाड्यांत शाळा चालवून ते ऋण पुढच्या मुलांस फेडले. वृद्धाश्रमांच्या चालकांनी हे ध्यानात घ्यावे. भाजी निवडणे, वाचून दाखविणे, लहानांस पाढे शिकविणे, असे झेपेल ते काम ज्याच्या हाती आहे त्याला घेतलेले अन्न जड होत नाही.

उपकार जाणणे म्हणजे किती नेमके जाणणे, हे आपल्या परंपरेस सांगावयास नको. श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर म्हाइंभटांनी भक्ताभक्तांस गाठून, ज्याने जे पाहिले-ऐकले ते विचारून 13व्या शतकाच्या उत्तरार्धात लीळाचरित्र सिद्ध केले. आठवणींत फरक पडला तेथे तो फरकही पोथ्यांतून जपला गेला. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे, श्रीचक्रपाणिप्रभूंच्या जन्मस्थानी, आजही स्थानाला नमस्कार घडतो. कारण काय घडले याबरोबर कोठे घडले हेही विसरावयाचे नसते.

उत्तरवयात शरीराचे बळ जाते. स्मरण बहुतेकांपाशी उरते. रोज एकाचे नाव घ्यावे, त्याने काय केले ते नेमके आठवावे. तो हयात असेल तर त्यास दोन ओळींचे पत्र धाडावे. नसेल तर तेवढेच कृत शेजारच्या खाटेवरील आजाऱ्यासाठी करावे. आणि भेटावयास येणाऱ्यांनी उपदेश करण्यापूर्वी त्या वृद्धाचे आपल्यावर काय ऋण आहे, ते आधी आठवून यावे.