कुलूप कोणाच्या हिताचे?

कचेरीतील संगणकाच्या काही कळा मालकाने बंद करून ठेवाव्यात आणि नोकराने त्यांस हात लावू नये, हा प्रघात आता सर्वत्र रूढ झाला आहे. त्यांपैकी एक कळ 'प्रॉक्सी'ची. प्रॉक्सी म्हणजे मुखत्यार. आपली मागणी थेट बाहेरच्या जगाकडे न जाता प्रथम त्याच्याकडे जाते. तो ती तपासतो, नोंदतो आणि मग पुढे धाडतो. हा मुखत्यार नोकरास परस्पर बदलता येऊ नये, अशी तजवीज 'विंडोज २०००' या प्रणालीबरोबर आलेल्या 'ग्रुप पॉलिसी'ने एका जागेवरून शेकडो यंत्रांवर करता येऊ लागली. 'फायरफॉक्स'नेही २०१८ पासून अशी सोय दिली. चौकट डोळ्यांपुढे दिसते, परंतु तीतील अक्षरे फिकट पडलेली असतात.

हा माणसावरील अविश्वास नव्हे काय? जेथे वाकडे पाऊल टाकताच येत नाही, तेथे सरळ चालण्याचे श्रेय ते कसले? आक्षेप वजनदार आहे. तथापि तो अपुरा आहे. कचेरीतील यंत्रे एकमेकांशी जोडलेली असतात. एकाने दार उघडे टाकले तर चोर सगळ्यांच्या घरात शिरतो. शिवाय उपद्रवी प्रणाली पुष्कळदा वापरणाऱ्याच्या अधिकाराचे सोंग घेऊन, त्याच्या नकळत हीच कळ फिरवितात आणि त्याचा व्यवहार भलत्याच मुखत्याराकडे वळवितात. जे त्याला बदलता येत नाही, ते त्याच्या नावाने वावरणाऱ्या सोंगासही सहसा बदलता येत नाही. तेव्हा हे कुलूप नोकराचेही रक्षण करते, हे मान्य केले पाहिजे.

खरा प्रश्न कुलपाचा नसून पहारेकऱ्याचा आहे. सांकेतिक व्यवहारात मुखत्यारास सामान्यतः पाकिटावरचा पत्ता तेवढा दिसतो. परंतु कचेरीने यंत्रात स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बसविले, तर तो पाकीट उघडून, मजकूर वाचून, पुन्हा चिकटवून पुढे पाठवू शकतो. यंत्र मालकाचे खरे. पण त्यातून जाणारे मन मालकाचे नव्हे. रुमानियातील एका अभियंत्याचे खासगी संदेश मालकाने वाचले व त्याला कामावरून काढले. त्या खटल्यात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ५ सप्टेंबर २०१७ रोजी ११ विरुद्ध ६ मतांनी त्याच्या बाजूने निर्णय दिला. पाळत कोणत्या स्वरूपाची व किती खोल आहे याची पूर्वसूचना त्याला मिळाली होती की नाही, हे तेथील न्यायालयांनी पाहिलेच नव्हते. मालकाच्या हुकमाने कामाच्या जागी माणसाचे खासगी जीवन शून्यावर आणता येत नाही, असेही त्या पीठाने बजावले. त्याच्या १२ दिवस आधी, २४ ऑगस्टला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला होता.

यावरून आम्हांस असे वाटते की, कुलूप न्याय्य ठरण्यास तीन गोष्टी हव्यात. पहारेकरी काय वाचतो, हे आधी उघड सांगितलेले असावे. कनिष्ठ कारकुनास जो नियम, तोच वरिष्ठ अधिकाऱ्यास असावा. आणि कामासाठी वाट अडली, तर दाद मागण्याची जागा असावी. एवढे असेल तर ते कुलूप शिस्तीचे होय. नसेल, तर ती केवळ सत्ता होय. आणि शेवटी नोकराच्या खिशात स्वतःचा दूरध्वनी असतोच! कुलूप कितीही पक्के असो, कचेरी चालते ती त्या माणसाच्या सचोटीवरच. ज्या सचोटीवाचून मालकाचे भागत नाही, तिला चार शब्दांत खुलासा देण्यास त्याने कमीपणा का मानावा?