देह : स्थावर की जंगम?

वीरशैव शरणांच्या विचारात दोन शब्द सतत समोरासमोर येतात : स्थावर आणि जंगम. जे उभारले ते स्थावर, ते आज ना उद्या पडते. जे चालते ते जंगम, आणि ते उरते. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी दगडी मंदिराऐवजी माणसाचा देहच देऊळ मानला. पण देऊळ म्हटले की ते स्थावर, आणि देह तर चालताबोलता. मग तो कोणत्या बाजूचा?

सोलापुरात हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही. सोन्नलगीचे, म्हणजे आजच्या सोलापूरचे, सिद्धरामेश्वर आधी बांधणारे होते. त्यांनी तळे खोदवले, अडुसष्ट लिंगे स्थापली. शरण अल्लमप्रभू तेथे आले ते तळ्याचे काम चालू असताना, आणि बाहेरच्या बांधकामात गुंतलेल्या या योग्याला त्यांनी आतल्या लिंगाकडे वळवले, असे ‘शून्यसंपादने’ हा ग्रंथ सांगतो. पुढे सिद्धराम बसवेश्वरांच्या कल्याणला गेले. स्थावराकडून जंगमाकडे झालेला हा प्रवास ज्या गावात सुरू झाला, तेथे देहाची रचना त्याच शब्दांत तपासणे उचित ठरते.

देहात सर्वांत स्थावर वाटतो तो सांगाडा. चरकाने हाडे 360 मोजली, सुश्रुताने 300. दात, नखे, कूर्चा यांना हाड म्हणायचे की नाही, यावर हा आकडा बदलतो. आज प्रौढ माणसात 206 मानतात. पण हाड म्हणजे रोवलेला खांब नव्हे. एक प्रकारच्या पेशी ते सतत कुरतडतात, दुसऱ्या भरून काढतात, आणि वर्षाला सांगाड्याचा साधारण दहावा भाग नवा होतो.

पचनसंस्थेत हा वेग आणखी मोठा. लहान आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलते. रक्तातली तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. ती प्लीहा आणि यकृतात मोडली जाते, तिच्यातले लोह अस्थिमज्जेकडे परत जाते, आणि मज्जा दर सेकंदाला वीसएक लाख नव्या पेशी घडवते. हृदय विश्रांतीतही मिनिटाला पाचएक लिटर रक्त पुढे ढकलते. ते फुप्फुसांतल्या कोट्यवधी वायुकोशांपाशी प्राणवायू घेते आणि अंगभर वाटते. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात सोडतात. मूत्र म्हणून बाहेर पडते ते जेमतेम दीड लिटर. मे महिन्यात सोलापूरचा पारा त्रेचाळीसवर जातो तेव्हा घाम वाढतो, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एक संप्रेरक अधिक प्रमाणात सुटते, मूत्रपिंडे पाणी राखून धरतात आणि आतले तापमान सदतीसच्या आसपास टिकते. देहातले हे स्थैर्य एका जागी थांबल्याने आलेले नसते. ते क्षणोक्षणी राखावे लागते.

सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत हे उघड्या डोळ्यांनी दिसते. पांढऱ्या बाराबंदीतला मानकरी उंच नंदीध्वज पेलून निघतो. काठी सरळ उभी दिसते, पण तिच्याखालचा माणूस एक क्षणही स्थिर नसतो. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका झोक टिपतात, स्नायू आणि सांध्यांमधून ताणाची खबर येते, अनुमस्तिष्क हिशेब जुळवते आणि पोटऱ्या, कंबर, पाठ एकामागून एक किंचित सावरतात. ध्वजाचे ते उभे राहणे मुळात चालणेच असते.

तरी देहात काहीच स्थावर नाही, असे म्हणणे घाईचे होईल. दातावरचे लुकण (एनॅमल) एकदा तयार झाले की पुन्हा घडत नाही. डोळ्यातल्या भिंगाच्या गाभ्यातली प्रथिने जन्माआधीपासूनची असतात. मेंदूच्या बाह्यकातल्या चेतापेशीही बहुतांशी आयुष्यभर त्याच राहतात. मात्र येथे भेद केला पाहिजे. लुकणात पेशीच नसतात आणि भिंगाच्या गाभ्यातल्या तंतूंनी आपले केंद्रक गमावलेले असते. चेतापेशी मात्र जिवंत असते, आणि ती टिकते ती आपल्यातली बहुतेक प्रथिने बदलत. देहातला खरा स्थावर भाग तो, ज्यातले जगणे थांबले आहे. शरणांचा भेद शरीरशास्त्रात एवढ्या नेमकेपणाने उतरावा, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

राहतो तो या देवळात वसणाऱ्याचा प्रश्न. चरकाने चेतनेचे स्थान हृदयात मानले. भारतात 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू हाही माणसाचा मृत्यू धरला, मग यंत्राच्या श्वासावर हृदय चालू का असेना. शवविच्छेदनात वसणाऱ्याची वेगळी खोली सापडत नाही. यावरून तो नाही असे सिद्ध होत नाही. तो कोण्या एका अवयवात बसलेला नाही, एवढेच ठरते. आणि शरणांनीही प्राणलिंगाकडे, म्हणजे त्या आतल्या लिंगाकडे, देहाचा एखादा तुकडा म्हणून पाहिले नव्हते.

मस्तिष्कस्तंभ मृत झालेल्या माणसाचे हृदय काढताना त्या हृदयाकडे येणारे चेतातंतू तुटतात. दुसऱ्याच्या छातीत बसवून रक्त सुरू केले की त्या हृदयाच्या उजव्या अलिंदातली लहानशी गाठ, मेंदूच्या कोणत्याही आज्ञेवाचून, पुन्हा ठोके देऊ लागते.